सासरची वाटी

“इंदे, हलू नकोस. अशी उजेडात ये.”

आत्तीनं माझं मंगळसूत्र मुठीत धरून मला चुलीपासून खिडकीपर्यंत ओढत नेलं. माझ्या दोन्ही हातांना भाकरीचं पीठ, आणि तव्यावरची भाकरी करपायला लागलेली. आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्या कोल्हापूरकडं कितीतरी घरांत सासूला आत्तीच म्हणतात.

“ही वाटी बघ,” ती म्हणाली.

मी मान वाकवून पाहिलं. मंगळसूत्राच्या दोन वाट्या असतात, एक माहेरची, एक सासरची. माहेरची होती तशी पिवळी होती. सासरची कडेनं पांढरी पडली होती, भांड्याला कल्हई करतात तशी.

“पीठ लागलं असेल,” असं म्हणून मी पदरानं घासली. गेलं नाही. आत्तीनं चिंच लावली, रिठा लावला, राखुंडीनं घासली. काही केल्या पिवळेपण येईना.

“फसवलं तुमच्या सोनारानं,” मी म्हटलं. “चांदीला मुलामा देऊन तुमच्या गळ्यात मारली.”

मी तोंडाची फटकळ, आजही आहे. एरवी असं काही बोलले की आत्ती मला दोन शब्द जास्तच ऐकवायची. त्या दिवशी नाही. चुलीपाशी बसून तिनं करपलेली भाकरी उतरवली आणि म्हणाली, “माझ्या पाटल्या मोडून केल्यात त्या वाटीला. बावनकशी सोनं हाय ते. सोन्यात खोट न्हाई, इंदे.”

“मग कशात आहे?”

“जयसिंगाच्या बाबाच्या येळंला माझं मणी असंच काळ्याचं भुरकं झालं हुतं. मी म्हटलं, हुतंय, जुनं झालं. तिसऱ्या दिशी हिरीत सुरुंग उडाला, त्यातच गेलं ते.” तिनं माझा हात घट्ट धरला. “आज मंगळवार हाय. कुणाला बोलायचं न्हाई. त्याला तर बिलकूल न्हाई. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात असलं काय घालू नये.”

आमचे हे, म्हणजे जयसिंगराव साळोखे, एस.टी.त ड्रायव्हर होते. रोज सकाळी गगनबावड्याचा घाट उतरून खाली जायचे आणि संध्याकाळी तोच घाट चढून वर यायचे. ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला पहिल्यांदाच दिवस गेले होते, चौथा महिना लागला होता. सहा वर्षांत आत्तीनं कोल्हापुरातला एक देव सोडला नव्हता. आता देवानं दिलं तर हे असं.

आत्तीनं त्याच दिवशी नवस बोलला. पाच मंगळवार होईपर्यंत रोज सकाळी आंघोळ झाली की अंबाबाईच्या तसबिरीपुढं ताम्हन ठेवायचं, मंगळसूत्राच्या वाट्या आणि मणी त्यात बुडवायचे, ते पाणी तीर्थ म्हणून तीन घोट प्यायचं आणि नवऱ्याच्या आयुष्यासाठी हात जोडायचे.

“हे कुठल्या पोथीत लिहिलंय?” मी विचारलं.

“माझ्या पोटात लिवलंय,” आत्ती म्हणाली. “पी मुकाट्यानं.”

मी बी.एस्सी. झालेली बाई. तरी प्याले. घाट माझ्याही डोळ्यांपुढं होता.

मी तेव्हा रावबहादूर इंगवले निसर्गसंग्रहालयात कामाला होते. वरच्या मजल्यावर भुसा भरलेला बिबट्या, गवा, बरण्यांतले साप आणि दगड झालेले शंख. शाळेची पोरं सहलीला यायची ती तेवढंच बघून जायची. खाली आमचा वनस्पती-संग्रह होता. नव्वद वर्षांपासूनची वाळवलेली झाडं, फूल-पान-मुळासकट जाड कागदावर चिकटवलेली, खाली नाव, गाव, तारीख. कुणी म्हणेल पाचोळा. पण आंबोलीच्या एखाद्या पठारावर साठ वर्षांपूर्वी काय उगवत होतं, आणि आता उगवत नाही, हे सांगणारं दुसरं काही नसतं. माझा त्या पाचोळ्यावर जीव होता.

त्या वर्षी माघात एका निवृत्त वनाधिकाऱ्याच्या घरच्यांनी त्याचा सगळा संग्रह आम्हाला दिला. तीन हजारांवर झाडं, वर्तमानपत्रात बांधलेली. पहिलाच गठ्ठा उघडला तर आत कसर. बारीक तपकिरी किडे, पानांची चाळणी झालेली, हात लावला की पिठासारखा भुगा पडायचा. ही कसर आमच्या जुन्या कपाटांत शिरली तर नव्वद वर्षांचं काम वर्षभरात फस्त.

“पावसाळ्याच्या आत सगळ्याला औषध लावलं पाहिजे, बाई,” टेंबे सर म्हणाले. “दमट हवा सुरू झाली की हे आवरायचे नाहीत.”

टेंबे सर आमचे प्रमुख. वय चौपन्न, दिसायचे सत्तरीचे. अतिशय सभ्य माणूस. माझ्याशी बोलताना नजर टेबलावर, नाहीतर माझ्या मागच्या भिंतीवर. त्यांचं अक्षर एके काळी मोत्यासारखं होतं, जुन्या कागदांवर मी ते पाहिलं होतं. आता पेन धरला की हात लटलटायचा, म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडं आलं. दात बरेच गेले होते. डब्यात रोज मऊ भात. कधी कधी एवढ्या-तेवढ्यावर तडकायचे आणि लगेच दुसऱ्या खोलीत जाऊन रुमालानं डोळे पुसायचे. मला वाटायचं, एकटा जीव, घरात कुणी नाही, त्यानं असं झालं असेल.

औषध म्हणजे आमच्याकडचं किडीचं औषध. शेतकरी फवारणीच्या विषाला औषध म्हणतो, तसंच आम्हीही म्हणत होतो. एका मोठ्या काचेच्या बरणीतून ते पांढऱ्या चिनी मातीच्या तबकात ओतायचं, वाळलेलं झाड लाकडी चिमट्यानं धरून त्यात बुडवायचं, निथळवायचं आणि टिपकागदावर ठेवायचं. तबक बुटक्या टेबलावर, त्यामुळं दिवसभर कमरेत वाकून काम. संध्याकाळपर्यंत पोलक्याचा पुढचा भाग, पदर, कोपर, सगळं ओलं. भिंतीवर सरांच्या जुन्या अक्षरातली पाटी होती: ‘औषधाच्या टेबलाशी येण्यापूर्वी अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.’ माझ्याकडं अंगठीही नव्हती आणि घड्याळही. हात मी साबणानं दोनदा धुवायचे.

“आज किती झाली, बाई?”

“एकेचाळीस, सर.”

“तुम्ही दमत असाल. तुमची... म्हणजे... प्रकृती...”

“पोटात मूल आहे म्हणा की सर, त्यात काय,” मी म्हणायचे. सर लाल व्हायचे आणि निघून जायचे. मला गंमत वाटायची. मी ठरवलं होतं, सातव्या महिन्यापर्यंत सगळा संग्रह संपवायचा आणि मग निवांत रजा घ्यायची.

दुसऱ्या आठवड्यात गगनबावड्याच्या तिसऱ्या वळणावर ह्यांच्या गाडीचा ब्रेक लागेना. गाडी डोंगराच्या बाजूला घासत घासत थांबली. दरीच्या बाजूला गेली असती तर बावीस माणसं गेली असती. ह्यांच्या कपाळाला खोक पडली, तीन टाके पडले. घरी आले तेव्हा हसत होते.

“आई, रडतीस काय? काय झालं नाही मला.”

आत्तीनं मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. मग मला घरामागच्या परड्यात नेलं आणि म्हणाली, “बघितलंस? तीर्थ पीत हुतीस म्हणून डोंगराकडं वळली गाडी.”

मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी तीन घोटांचे पाच घोट केले, तिनं न सांगता.

आता घरात आम्ही दोघी बायका सतत ह्यांच्याकडं बघत असायचो. ते शिंकले तरी दोघींची नजरानजर व्हायची. ते कामावर गेले की आत्ती उंबऱ्यात बसायची, गाडी परत यायची वेळ टळली की तिचा जीव टांगणीला. मी झाडं बुडवत असायचे तेव्हाही कान रस्त्याकडं. कुणी धावत सांगायला येतंय का? कुणी आलं नाही. मात्र एका सकाळी मणी ताम्हनात बुडवताना दिसलं, माहेरची वाटीही पांढरी पडायला लागली होती. आणि तांब्याच्या ताम्हनावर रुपेरी ठिपके आले होते, चकचकीत, पुसले तरी जाईनात.

“देवीनं खूण दिली,” आत्ती पुटपुटली. पण खूण चांगली का वाईट, ते तिला सांगता येईना. 

माझ्या तोंडाची चव गेली होती. काहीही खाल्लं तरी पैसा चघळल्यासारखं लागायचं. हिरड्या सुजल्या, भाकरी चावताना रक्त यायचं. रात्री झोप नाही, आणि चिडचिड तर एवढी की एकदा पाण्याचा तांब्याच आपटला.

“डोहाळं हाईत,” आत्ती म्हणाली. “मला ह्याच्या येळंला माती खावीशी वाटायची.”

एकच गोष्ट चांगली झाली. रविवारी दुपारी पडले होते आणि पोटात काहीतरी हललं. मासोळी वळावी तसं, अगदी हलकं. मी ह्यांचा हात ओढून पोटावर ठेवला. त्यांना काही कळलं नाही, पण ते अर्धा तास हात तसाच ठेवून बसले. जेवायचं ताट समोर निवलं.

चौथा मंगळवार झाला. बुधवारी सकाळी न्हाऊन केस पुसताना पंच्याचा झटका बसला आणि सासरच्या वाटीचा तुकडा पडला. सोनं कधी बिस्किटासारखं तुटतं का? माझ्या हातात अर्धी वाटी होती, अर्धी न्हाणीच्या दगडावर. आमच्यात मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. तो शब्द मी मनातसुद्धा येऊ दिला नाही. दोन्ही तुकडे चोळीत लपवले, पदर गळ्याशी ओढून घेतला, आत्तीला म्हटलं आज लवकर जायचंय, आणि थेट सोनारांच्या गुजरीत गेले.

आत्तीच्या नेहमीच्या सोनाराकडं गेले नाही, तिला कळलं असतं. कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या पोतदारांचं लहानसं दुकान होतं. दुकान नुकतंच उघडलं होतं, ते एकटेच देवाला उदबत्ती लावत होते.

“काका, एवढं डाग देऊन सांधून द्या. आत्ताच्या आत्ता.”

त्यांनी दोन्ही तुकडे घेतले, दिवा पेटवला, फुंकणी तोंडाला लावली. आणि तशीच खाली ठेवली. तुकडा भिंगाखाली धरला, सुईनं ओरखडला. मग दिवाच विझवला.

“वहिनी, तुम्ही कुठं काम करता?”

“ते कशाला? सांधा की तुम्ही.”

“हे आगीवर धरलं तर ते माझ्या छातीत जाईल. हा पारा हाय. सोन्यात मुरलाय पार आतपर्यंत. म्हणून तर मोडलं.” ते माझ्याकडं बघत होते. “असं एका दिवसात हुत न्हाई. रोज लागत असणार. घरात कुणी मुलाम्याचं काम करतं?”

“आमच्यात नाही कुणी. मालक ड्रायव्हर आहेत.”  “काका, खरं सांगा. वाटी अशी पांढरी पडली तर नवऱ्याला धोका असतो?”

म्हाताऱ्यानं भिंग खाली ठेवलं.

“मालकांना? मालकांना काय हुतंय? मालकांच्या गळ्यात हाय काय हे?” आणि मग त्यांची नजर माझ्या पोटाकडं गेली. त्यांनी ती लगेच उचलली, पण मी पाहिली होती. “वहिनी, आमचा आजा पाऱ्यानं मुलामा द्यायचा. देवाचे मुखवटे करायचा. चाळिशीत दात गेले, हातातला पेला तोंडाला लागंना. त्याच घरात आजी रांधायची. तिची सहा बाळंतपणं झाली.” ते तुकडे कागदात गुंडाळायला लागले.

“आणि?”

“आमचा बाप तेवढा हाती लागला.”

मी दुकानाच्या पायरीवरच बसले. पाऱ्याचा क्षार. बरणीवरचं नाव मला पाठ होतं, रसकापूर, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. पारा सोन्याला खातो हेही पाठ होतं, कॉलेजात त्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते. पण मंगळसूत्र हा धातू आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी इतके दिवस घाटाकडं डोळे लावून बसले होते.

आणि तीर्थ! रोज सकाळी त्याच वाट्या, तेच मणी, तोच भिजलेला दोरा पाण्यात बुडवून मी घटाघटा प्यायले होते. आत्तीनं तीन सांगितले होते, मी पाच प्याले.

पोतदारांनी मंगळसूत्र ठेवून घेतलं. उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून पारा उडवावा लागेल म्हणाले. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून मला दिलं. ते गळ्यात बांधून मी संग्रहालयात गेले. टेंबे सर अंगठ्याला थुंकी लावून औषध दिलेले जुने कागद उलटत होते.

“सर, अंगठ्या का काढून ठेवायच्या?”

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं, आणि गळ्यातलं हळकुंड पाहून उठून उभे राहिले.

“सोनं... पांढरं पडतं. औषधात पारा असतो ना, बाई.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“पाटी आहे की. अंगठी व...”

“मंगळसूत्र आहे पाटीवर?”

त्यांचा हात टेबलावर टकटक वाजायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला.

“तुम्ही वाकलात की ते तबकात बुडायचं,” ते हळू म्हणाले. “मी पहिल्याच दिवशी पाहिलं. सांगायला आलो होतो. पण सवाष्ण बाईला परक्या पुरुषानं गळ्यातलं काढा म्हणून कसं सांगायचं? जिभेवर येईना. मग पाटीवर लिहायला घेतलं, ‘इतर दागिने’. तेही पुसलं. इथं बाई तुम्ही एकट्याच. तुम्हालाच उद्देशून झालं असतं. वाईट दिसलं असतं.”

“वाईट दिसलं असतं?” मी ओरडले. वरच्या मजल्यावर सहलीची पोरं होती, ती गप्प झाली. “माझ्या पोटात पोर आहे, सर! अशुभ बोलायचं नाही म्हणून तुम्ही महिनाभर मला विषात बुडताना बघत बसलात?”

“मला वाटलं, वाटी खराब होईल फार तर. सोनं खराब होईल. बाकी काही... मी तीस वर्षं हेच काम करतोय, मला कुठं काय झालंय?”

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. मग त्यांनीही बघितलं. बराच वेळ ते स्वतःच्या हाताकडं बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचा असावा तसे. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी पिशवी उचलली आणि चालू लागले. परत त्या दारात पाऊल टाकलं नाही.

घरी ह्यांना सगळं सांगितलं, आत्ती देवळात गेली होती तेव्हा. ऐकून हे तडक उठले, ताम्हन घेतलं आणि परड्यात खड्डा खणून पुरून टाकलं. मी त्यांना शपथ घातली, आत्तीला यातलं काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तीर्थ बंद केलं. आत्तीनं विचारलं, मंगळसूत्र कुठं, ताम्हन कुठं, ओरडली, हात जोडले. “एकच मंगळवार राहिलाय गं, एवढा कर!” मी तोंडाला कुलूप लावून बसले. कारण काय सांगणार होते?

त्यानंतरचे नऊ दिवस मी फक्त वाट बघत होते. मोसंब्या खाल्ल्या, दूध प्याले, डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पाऱ्याचं ऐकून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, “आता लांब राहिलात ना? बघू या.” दिवसभर हात पोटावर. पहिले दोन दिवस ते हललं. मग एकदा हललं असं वाटलं. मग मी स्वतःला समजावायला लागले की झोपलं असेल.

शनिवारी दुपारी मला दवाखान्यात नेलं. मुलगा होता. मला दाखवला नाही, मी मागितला तरी.

पाऱ्यानंच झालं का, औषधातल्या का ताम्हनातल्या, का आणखी कशानं, हे कुणी शपथेवर सांगणार नाही. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, होतं असं पहिल्या वेळेला. पण ह्यांना ते पुरेसं झालं नाही. बाहेरच्या व्हरांड्यात त्यांचा आवाज चढलेला मला ऐकू आला. सहा वर्षांत आईपुढं त्या माणसाचा आवाज चढला नव्हता.

“तुझ्या तीर्थानं मारलं माझं पोर! पारा पाजत हुतीस तिला रोज! विष!”

मग धपधप पावलं लांब गेली.

आत्ती आत आली ती सोमवारी. मधले दोन दिवस ती दवाखान्याच्या पायरीवर बसून होती म्हणे, पाण्याचा थेंबही न घेता. शेजारच्या बाईनं दिलेला भाकरीचा डबा तसाच फडक्यात बांधलेला हातात. ती खाटेजवळ आली, पण खाटेवर बसली नाही. जमिनीवर बसली. माझ्यापुढं ती कधी जमिनीवर बसली नव्हती.

“इंदे,” ती म्हणाली. “तू शिकलेली हाईस. तोंडानं फटकळ हाईस, पर खोटं कधी बोलली न्हाईस माझ्याशी. म्हणून तुला विचारते.”

 दोन दिवसांत ती एवढीशी झाली होती. गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या.

“जयसिंगा म्हणतोय ते खरं हाय का गं? माझ्या तीर्थानं घात केला?”

तोंडात शब्द तयार होते. तीन सांगितले होते, मी पाच प्याले. सरांनी जिभेवर आलेलं गिळलं. वाटी पांढरी पडली त्याच दिवशी सोनाराकडं गेलो असतो, तर दोन तासांत कळलं असतं. पण कुणाला बोलायचं नाही म्हणालात. खरं होतं ते सगळं, आणि माझ्या मनात राग होता, खूप होता, आजही थोडा आहे. सगळं म्हणून टाकलं असतं तर मला मोकळं वाटलं असतं. पण मग ती त्या जमिनीवरून उठली नसती, हे मला तिच्याकडं बघूनच कळलं.

“नाही, आत्ती,” मी म्हणाले. “ह्यांना काय कळतंय? तुमच्या तीर्थानंच हे घाटातून परत आले.”

“खरं?”

“खरं.”

“अंबाबाईची शपथ?”

“अंबाबाईची शपथ.”

ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मी नजर हलवली नाही. मग तिला एकदम हुंदका फुटला, आणि ती खाटेच्या कडेला डोकं टेकून मोठ्यानं रडली. समोरच्या खाटेवरच्या बायका उठून बसल्या. रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

“म्हंजे त्याच्यावरचं बारक्यानं घेतलं म्हणायचं,” ती म्हणाली. “बारकं गेलं, पर तुझं कुकू राहिलं.”

“हो आत्ती. असंच म्हणायचं.”

तिनं फडकं सोडलं, डबा उघडला आणि दोन दिवसांच्या वाळलेल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. दुसरा तुकडा माझ्यापुढं धरला.

“तू बी खा,” म्हणाली.

मी खाल्ला.